आता तुझी ओवी

भित्रं माणूस कुणाच्या कामाला येतं, हे मला बदलापुरात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या माणदेशात भित्र्याला दोनच कामं असत. एक म्हणजे कुत्रं भुंकलं की घरात पळायचं, आणि दुसरं म्हणजे त्यावरून लोकांची बोलणी खायची. मी पाचवीत शाळा सोडली तीही भीतीपोटीच. पाढे येत नव्हते असं नाही. घरी शेळीपुढे उभा राहून मी एकोणतिसापर्यंत घडाघडा म्हणायचो. पण परीक्षेच्या दिवशी मास्तर समोर येऊन उभे राहिले की जीभ टाळूला चिकटायची आणि पोटात असा गोळा उठायचा की सरळ नाल्याकडे धावावं लागे. शेवटी आईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोरगं वाळत चाललंय."

विशी ओलांडल्यावर मामांनी मला अंबरनाथला आणलं. ते आगपेट्यांच्या कारखान्यात होते. तिथले पट्टे फिरायला लागले की मला वाटे, आता आपला हात जाणार. हात गेला नाही, पण बोटाला नखुरडं झालं आणि तळवा सुजून पुरीसारखा फुगला. चाळीतला एकजण म्हणाला, बदलापूरच्या डॉक्टरांचा हात हलका आहे, तिथं जा. गेलो. डॉक्टरांनी चाकू उचलला तेवढं आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा बोटाला पट्टी होती आणि डॉक्टर म्हणत होते, "अरे, मी अजून कापलं नव्हतं, तोवर तू पडलास. बरंच झालं म्हणा, काम सोपं झालं."

पट्टी बदलायला रोज जायचो. पाळी येईपर्यंत नुसतं बसवेना, म्हणून धुतलेल्या पट्ट्या एका हाताने गुंडाळत बसायचो. एक दिवस डॉक्टर म्हणाले, "कारखान्यात जीव रमत नसेल तर राहा इथं." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की जणू पाणी पितोस का विचारत होते. मी मात्र त्या रात्री मामांच्या खोलीत अंथरुणावर बसून रडलो. घर सोडल्यापासून मला कुणी 'राहा' असं म्हटलं नव्हतं.

तर अशी ही पन्नास सालानंतरची गोष्ट. दवाखाना म्हणजे कौलारू घराच्या पुढच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत औषधं आणि बाक. आतल्या खोलीत उत्तरेकडे मोठी खिडकी आणि खिडकीपाशी लाकडी टेबल. मागे डॉक्टरांचं बिऱ्हाड, विहिरीपलीकडे माझी खोली. उल्हास नदीच्या काठची गावं, मांजर्लीची माणसं आणि वर बारवीच्या खोऱ्यातले पाडे, सगळे आमच्याकडे येत. तेव्हा बारवीवर धरण नव्हतं. खाली भाताची खाचरं, वर जंगल, आणि मधून बैलगाडीची वाट. डॉक्टर गळवं फोडत, जखमा शिवत, मोडलेलं हाड बसवत, अडलेल्या बायका सोडवत. पण पोट उघडायचं म्हटलं की मुंबई. ते काम त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी आलो त्याच वर्षी वरच्या अंगच्या पाड्यातून एका माणसाला आणलं. त्याला अंतर्गळ होता, म्हणजे जांघेत उतरलेलं आतडं. ते तिथंच अडकून त्याला पीळ बसला होता. डॉक्टर स्वतः त्याला घेऊन मुंबईला निघाले. कल्याणच्या फलाटावर गाडी बदलताना तो गेला. डॉक्टर परत आले ते पायरीवर बसून राहिले, वहाणासुद्धा काढल्या नाहीत. वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन बराच वेळ उभ्या होत्या.

"मला दोन हात आहेत," डॉक्टर शेवटी म्हणाले, "पण शिकवलेले नाहीत."

"मग शिका," वहिनी म्हणाल्या.

"मुंबईला जाऊन शिकायचं तर वर्षं जातील. तोवर इथं कोण?"

उत्तर आलं ते उल्हासनगरहून.

तिकडे लढाईच्या काळातल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली होती. कॅम्प चारमध्ये एक मोठे सर्जन राहतात, सिंधमध्ये ते मोठ्या इस्पितळात शिकवत होते, असं डॉक्टरांच्या कानावर आलं. आम्ही दोघं शोधत गेलो. एका बराकीत चादरी टांगून चार बिऱ्हाडांच्या खोल्या केल्या होत्या. बाहेर खाटांवर पापड वाळत होते. आत सर्जनसाहेब बनियनवर बसून वडिलांची दाढी करत होते. वडील फार म्हातारे होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून आमचं बोलणं झालं.

डॉक्टरांनी फलाटावरची हकीकत सांगितली. सर्जनसाहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "साईं, उधर मैं वार्ड में चलता था तो पीछे लड़कों की लाइन चलती थी. इधर मेरे पीछे सिर्फ़ बीवी चलती है, वो भी डाँटती हुई." पडद्याआडून बाईंनी सिंधीत काहीतरी उत्तर दिलं. त्यावर म्हातारबुवांचा फेस हसून हसून सदऱ्यावर पडला.

"मेरे पास हाथ हैं," सर्जनसाहेब म्हणाले, "आपके पास मरीज़ हैं. इतवार को आता हूँ. बकरे की आँत मँगाके रखना."

डॉक्टर ब्राह्मण, घरात कांदासुद्धा बेताचा. परतीच्या वाटेवर त्यांनी मला दोनदा विचारलं, "आँत म्हणजे आतडंच ना रे?"

आतडी आणायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी मी गावातल्या खाटकाकडून ती पानांत बांधून आणायचो आणि विहिरीपासून लांब, शेवग्याखाली धुवायचो. वहिनींनी एका घमेल्याला बाहेरून तांबडा रंग लावला आणि बजावलं, "हे घमेलं आणि तू, दोघंही मला न सांगता स्वयंपाकघराच्या बाजूला यायचं नाही." आतल्या खोलीतल्या टेबलावर फळी ठेवायची, तिच्यावर आतडं, आणि दोन मोठी माणसं त्याच्यावर वाकून सुईदोरा चालवताहेत. कापलेल्या आतड्याची दोन तोंडं जुळवून अशी शिवायची की आतलं बाहेर येता कामा नये, पण वाटही बुजता कामा नये. शिवून झालं की परीक्षा. एक टोक बांधायचं, दुसऱ्यातून हळदीचं पाणी भरायचं आणि खाली पांढरं फडकं धरायचं. फडक्यावर पिवळा ठिपका आला की सर्जनसाहेब मान हलवून म्हणत, "आज का बकरा भी मर गया, डॉक्टर साहब."

महिनेच्या महिने बकरे मरत होते. डॉक्टर चाळिशीचे, गावात मान असलेले. पण रविवारी दुपारी ते पिवळं फडकं बघून त्यांचं तोंड परीक्षेला बसलेल्या पोरासारखं व्हायचं. मला ते बघवायचं नाही.

त्यात शेजारच्या काकूंनी मला पानांचं पुडकं नेताना पाहिलं. मग काय विचारता! डॉक्टर दर रविवारी दार लावून मटण खातात, सिंधी येऊन रांधतो आणि माणदेश्या खरकटं काढतो, असं गावभर झालं. एका बाईने हळदीकुंकवात वहिनींना सरळच विचारलं, "वास नाही का हो येत तुम्हाला?"

वहिनी म्हणाल्या, "येतो की. म्हणून तर जरा हळद जास्त घालायला सांगते."

पुढे थंडीतल्या एका रविवारी फडकं पांढरंच राहिलं. सर्जनसाहेबांनी आतडं उचलून उजेडाला धरलं, दाबलं, पुन्हा पाणी भरलं. डॉक्टर श्वास रोखून उभे. सर्जनसाहेबांनी फडकं झटकलं, नीट घडी केली आणि डॉक्टरांच्या खांद्यावर टाकलं. "आज का बकरा चलके घर गया."

वहिनींनी त्या दिवशी शिरा केला. सर्जनसाहेब खाता खाता म्हणाले, "चाकूवाला तो मिल गया. अब सुलानेवाला कौन?"

हा मोठाच प्रश्न होता. पोट उघडायचं तर माणूस पुरता झोपवावा लागतो. त्या वेळी आमच्यासारख्या ठिकाणी इथर हेच औषध. तारेच्या जाळीवर गॉजचे पदर लावायचे, ती जाळी नाकातोंडावर धरायची आणि वरून बाटलीतून थेंब थेंब सोडत राहायचं. थेंब कमी पडले तर माणूस अर्धवट जागा राहून उसळतो, जास्त पडले तर परत येत नाही. ऑपरेशन करणाऱ्याचं लक्ष पोटाकडे असतं. उशाशी बसलेल्यानं श्वासावरून लक्ष हलवायचं नाही. तालुक्यात असं काम येणारं कुणी नव्हतं, आणि असा माणूस नसेल तर इतके रविवार वाया.

डॉक्टर म्हणाले, "आमच्या पोस्टमास्तरांचा धाकटा भाऊ आहे. इंटरपर्यंत शिकलाय, तरतरीत आहे, कशाला घाबरत नाही."

"तो नहीं चलेगा," सर्जनसाहेब म्हणाले. "निडर आदमी मरीज़ को मार देता है. मुझे डरपोक चाहिए, जो हर साँस पे सोचे कि ये आख़री है." आणि त्यांनी शिऱ्याचा चमचा माझ्याकडे केला. "ये पुट चलेगा."

पुट म्हणजे सिंधीत मुलगा. माझ्या हातातलं पाण्याचं भांडं कलंडलं.

"साहेब, मी पाचवी नापास," मी म्हटलं. नापाससुद्धा नव्हतो, परीक्षेलाच बसलो नव्हतो. पण त्या वेळी तेवढं कुठलं सुचायला!

"बघा!" सर्जनसाहेब खूश होऊन डॉक्टरांना मराठीत म्हणाले. त्यांना तेवढाच शब्द येत होता. "बघा, कैसा काँपता है!"

माझी शाळा कॅम्पात सुरू झाली. पहिला धडा म्हणजे झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकायचा. त्यासाठी रुग्ण लागत नाही, म्हातारबुवा होते. दुपारी ते जेवून खाटेवर आडवे झाले की मी उशाशी बसायचो. जबडा खालून दोन बोटांनी उचलून धरला की घोरणं थांबतं आणि वाट मोकळी होते, सोडला की पुन्हा घरघर. कानाची पाळी गुलाबी आहे की निळसर, छाती आणि पोट बरोबर हलतात की उलटसुलट, हे बघत राहायचं. एकदा बुवांचा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटला, म्हणून मी नाकापुढे बोट नेलं. बुवांनी डोळे न उघडता म्हटलं, "पुट, मैं मरा नहीं हूँ. मरूँगा तब आवाज़ देके मरूँगा."

मग सर्जनसाहेबांच्या नजरेखाली खरोखरचं इथर. तिथल्या छोट्या इस्पितळात ते अंतर्गळाची ऑपरेशनं करायचे. मी आधी नुसता बघायचो, मग जाळी धरायचो, मग बाटली हातात आली. इथर उघडायच्या आधी खोलीतला स्टोव्ह विझवायचा, कारण त्याची वाफ पेट घेते. रुग्णाला आकडे मोजायला सांगायचं: एक, दो, तीन. आकडे अडखळले, मग तुटले, की झोप आली. तरी नुसत्या तेवढ्यावर जायचं नाही, पापणीच्या केसांना बोट लावून बघायचं. पापणी हलली नाही म्हणजे खरी झोप. तिथले सगळे रुग्ण पुरुष, बहुतेक दुकानदार. मोजण्यात त्यांचा हात धरणारा नाही. एकजण तर जाळीखालीसुद्धा शंभराच्या पुढे गेला होता. सर्जनसाहेब म्हणाले, "इसको नोट गिनने को मत बोलना, रात हो जाएगी."

माझा हात थरथरायचा. थरथरत्या हाताने थेंब सारखे पडतात, असं सर्जनसाहेब म्हणायचे. ते मला धीर देत होते की खरंच तसं आहे, मला अजून कळलेलं नाही.

आणि मग तो रविवार. सर्जनसाहेब सकाळच्या गाडीने आले होते, मी शेवग्याखाली आतडी धूत होतो, तेवढ्यात रस्त्यावर झोळी दिसली. बांबूला गोधडी बांधून चार माणसं एका बाईला घेऊन आली होती. बारवीच्या खोऱ्यातली कुणबीण, पस्तिशीची असेल. बरोबर नवरा आणि थोरली जाऊ. पोट फुगलेलं, ओकाऱ्या, जांघेत अंड्याएवढी टणक गाठ. डॉक्टरांनी हात लावला आणि सर्जनसाहेबांकडे पाहिलं. सर्जनसाहेबांनीही हात लावला. तोच, अडकलेला अंतर्गळ. मला फलाट आठवला.

"साहब, आप करेंगे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मैं खड़ा रहूँगा." सर्जनसाहेबांनी हात धुतले, अंगरखा चढवला, आणि उकळून वाळवलेल्या टॉवेलात हात गुंडाळून छातीशी धरले. "ये हाथ बँधे हैं. जब तक घर में आग नहीं लगती, नहीं खुलेंगे."

मी घमेलं तसंच टाकून हात घासायला गेलो. शेजारच्या काकूंच्या मांजराने त्या दिवशी मेजवानी केली.

सर्जनसाहेबांनी नळी घालून बाईचं पोट रिकामं करवून घेतलं. स्टोव्ह विझवला. खिडकीतून स्वच्छ उजेड टेबलावर पडला होता. मी उशाशी बसलो, तिच्या डोळ्यांवर ओलं गॉज ठेवलं, जाळी धरली.

"बाई, आकडे मोजा," मी म्हटलं. "एक, दोन, तीन..."

"मला न्हाई येत."

"दहापर्यंत तरी?"

"इसापोतूर येत्यात. पन आता न्हाई येनार. भ्या वाटतंय."

काय सांगू, मला एकदम मास्तर समोर उभे दिसले! ही बाई टेबलावर मरायला टेकली आहे आणि मी तिची परीक्षा घेतोय. मी खाली वाकून म्हटलं, "राहू द्या आकडे. दळताना ओव्या म्हणता ना? त्या म्हणा."

सर्जनसाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हळूच म्हणाले, "गाना."

मी पहिला थेंब सोडला. जाळीखालून बारीक आवाज आला:

नाचणी दळिते गं, पीठ पडतं तांबूस
नदीच्या पल्याड माझं माहेर एक कोस

थेंब पडत होते. तिने शेवटची ओळ घोळवून घोळवून म्हटली आणि ती गप्प झाली. श्वास एकसारखा चालला होता. मी थोडा थांबलो. आवाज नाही. कॅम्पातले दुकानदार आकडे तुटले की झोपायचे, तेच डोक्यात.

"झोपली," मी म्हटलं. घाईत पापणीला बोट लावायचं राहिलं.

डॉक्टरांनी चिमट्याने कातडी दाबून बघितली, आणि जाळीखालून स्पष्ट आवाज आला, "चिमटं काय काढतीस गो? माजी झाली. आता तुजी ओवी म्हन."

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. जात्यावर दोघी बसतात. एकीची ओवी झाली की ती गप्प राहते आणि दुसरी उचलते. ही बाई झोपलेली नव्हती, समोरच्या बाईची वाट बघत होती. आणि समोरची बाई म्हणजे मी.

"क्या बोलती है?" सर्जनसाहेबांनी विचारलं.

"म्हणते, आता याची पाळी," डॉक्टर म्हणाले. "इसका गाना."

"तो गाओ ना, पुट! रुको मत, बूँद चालू रखो और गाओ!"

मी जन्मात चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. पण ती वाट बघत होती, गप्प राहिलो असतो तर उठूनच बसली असती. मला एकच ओवी पुरती आठवली. आई पहाटे दळायची तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली. मी म्हटली. आवाज कसला, फाटकं फडकं:

अंगणात खेळताती पोरं सारी या आळीत
माझं बाळ भितरं, हात माझ्या ओंजळीत

जाळीखालून "हं," असं उत्तर आलं, समाधानाचं. पण त्याच्या आधी खिडकीबाहेरून ओसरीवर बसलेली जाऊ ओरडली, "अगो बाय! ह्यो बाप्या वव्या म्हनतोय!" मग बाहेर चार माणसांचं हसू. आणि हसू विरतं तोच जावेनेच पुढची उचलली, खणखणीत आवाजात:

थोरल्या जावंचा गं जात्याला लागे हात
दोघी मिळून दळू बाई, उगवू दे परभात

जाऊबाईचा आवाज ऐकून टेबलावरच्या बाईचे आवळलेले खांदे खाली आले. ते मी डोळ्यांनी पाहिलं. माझे थेंब सारखे पडत होते. तिने पुढची ओवी सुरू केली, "पिकल्या भाताची गं वाऱ्यावर..." आणि वाऱ्यावरच तिचा शब्द सुटून गेला. पुन्हा आलाच नाही. श्वास खोल गेला. मी वाट पाहिली. आपली पाळी नाही ना, असं मनाशी दोनदा विचारलं. मग गॉज उचलून पापणीच्या केसांना बोट लावलं. हलली नाही.

"झोपली," मी म्हटलं. या वेळी कुणी शंका घेतली नाही.

पुढचं मी फारसं पाहिलं नाही. माझं काम जबडा, श्वास आणि कानाची पाळी. ऐकू येत होतं ते एवढंच की आतड्याचा एक तुकडा काळा पडला आहे, तो काढावा लागेल. सर्जनसाहेब टॉवेलात हात बांधून उभे होते. मध्येच एकदा ते हात टॉवेलाच्या आत हलले, म्हातारी बाई पदराआड माळ ओढते तसे. पण बाहेर आले नाहीत. ते फक्त म्हणायचे, "आराम से... इतवार है... बकरा है, समझो." डॉक्टर शिवत होते. शेवटचा टाका बांधून झाला आणि डॉक्टर मान न उचलता, सवयीने म्हणाले, "हळदीचं पाणी?"

सर्जनसाहेब हसले. "ना साईं. वो पानी ऊपरवाला डालेगा. दो-चार दिन में बता देगा."

म्हणजे काय, ते नंतर कळलं. शिवलेलं आतडं चालू झालं की नाही याची खूण एकच: वारा सरायला हवा. तोवर पाणी नाही, अन्न नाही, आणि आम्हा सगळ्यांच्या जिवाला स्वस्थता नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ विचारायचे, "बाई, वारा सरला का?" आणि बाई भिंतीकडे तोंड करायची. नवरा कोपऱ्यातून म्हणायचा, "आमच्यात बाईमानसाला असं इचारत न्हाईत, डॉक्टर." मी विचारलं तर तिने पदरच तोंडावर ओढला. ओवी म्हणायला चालत होतं, हे नाही!

सर्जनसाहेब कॅम्पातलं काम आटोपून संध्याकाळच्या गाडीने मुद्दाम येऊन जायचे. पायरीवरूनच भुवया उंचावायचे. डॉक्टर मान हलवायचे. दोघं पायरीवर चहा घेत बसायचे आणि तिसऱ्याच विषयावर बोलायचे. डॉक्टरांचा चहा निवून जायचा. मी देवाला काय काय बोललो ते आता सांगत नाही.

मग एका संध्याकाळी जाऊबाई विहिरीवर वहिनींशी काहीतरी कुजबुजली. वहिनी तशाच ओल्या हातांनी आल्या. पायरीवर सर्जनसाहेब नुकतेच टेकले होते, परक्या माणसासमोर असलं बोलायचं कसं, म्हणून त्या दारातच थांबल्या.

"अहो, जरा आत येता?"

"काय ते इथंच सांग ना."

"इथं नाही सांगायचं." वहिनी लाल झाल्या होत्या. "तुम्ही रोज जे विचारता ना तिला... ते झालं. सकाळपासून तीनदा. ती बिचारी लाजून बोलली नाही."

डॉक्टर उठले. एका पायात वहाण, एका पायात नाही, तसेच आत धावले. सर्जनसाहेबांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, घडी केली. ओसरीवर बाईचा नवरा बसला होता, म्हणून ते बकऱ्याचं काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, "घर जाएगी, पुट. चलके जाएगी."

गेलीही. बैलगाडी आणली होती, तरी नदीपर्यंत पायी चालत गेली, पाठीमागे जाऊ आणि तिच्या पाठीमागे वहिनींनी दिलेलं तुळशीचं रोप घेऊन नवरा. जाताना मला म्हणाली, "तुजी ओवी चांगली हाय. जरा चालीवर म्हनत जा."

त्यानंतर मुंबईची वाट पुष्कळांची वाचली. सर्जनसाहेबांचे रविवार मात्र आमच्याकडचे सुटले. बदलापूरचा हात तयार झाला, आता मुरबाडला एक तरुण डॉक्टर आहे म्हणाले, तिकडे बकरे सुरू करायला हवेत. वहिनींनी ते तांबडं घमेलं घासून पुसून त्यांच्याबरोबर दिलं. मुरबाडचे डॉक्टर मलमपट्टी करणाऱ्या आपल्या ड्रेसरला घेऊन आमच्याकडे बघायला आले होते. गडी पैलवानी, मिशांना पीळ दिलेला. सर्जनसाहेबांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ये डरता है?" मी म्हटलं, "अभी तक नहीं." "तो तू डरा इसको," ते म्हणाले. मी त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. पापणीला बोट लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि आमच्याकडच्या बाईमाणसाला झोपवायचं तर दोन-चार ओव्या पाठ हव्यात. मिशांचा पीळ तिथंच उतरला.

त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो. पहाटे जाग आली ती जात्याच्या घरघरीनं. मी उठून आईसमोर बसलो, खुंट्याला हात लावला आणि तिला सगळं सांगितलं. कुणबीण, थेंब, ओवी, सगळं. आई दळता दळता थांबली.

"बायकांच्या ओव्या बाप्यानं म्हणायच्या? लाज न्हाई वाटली व्हय रं?"

"वाटली."

"आन म्या तुला भितरं म्हटलेली, तीच सापडली व्हय?"

"तेवढीच येत होती."

तिने जात्यात मूठभर जोंधळे घातले. पुन्हा दळायला लागली.

"मग झोपली का ती बाई?"

"झोपली."

"आन उठली का?"

"उठली. घरी गेली चालत."

आईने खुंट्यावरचा माझा हात सारखा करून वर आपला हात ठेवला. "मग म्हणत जा," ती म्हणाली. "आन एकच कितींदा म्हणशील? आयक, दुसरी सांगते."